यादीतलं नाव

माझ्या डाव्या तर्जनीच्या नखावर शाईचा काळपट डाग होता. तो पाहून शेजारच्या आजीबाईंनी काळजीने विचारलं, "दारात बोट सापडलं की काय?"

"नाही हो, मत दिलं त्याची खूण आहे," मी म्हटलं.

त्यांना काही उमजेना. मग माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. आमच्या देशात मत दिलं की बोटाला शाई लावतात, ही शाई म्हैसूरच्या एका कारखान्यात तयार होते, साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही, नख वाढून पुढे सरकेल तेव्हाच जाते. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं ७ मे २०२४ रोजी, आणि जुलै उजाडला तरी ती नखाच्या टोकाला चिकटून होती. आजीबाईंनी माझं बोट हातात घेऊन नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे मत द्यायला आलेल्या माणसाला सगळे नावाने ओळखतात. शाई लावायची कुणाला?"

हे बोलणं झालं आइल ऑफ मॅन नावाच्या बेटावर. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात हे बेट आहे. लांबी सुमारे ५२ किलोमीटर, रुंदी फार तर २२, क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांच्याहून थोडं लहानच. माणसं मात्र २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे चौऱ्याऐंशी हजार. आमच्या एकट्या संगमेश्वर तालुक्याची वस्ती याहून कितीतरी जास्त आहे. माझी लेक २०२२ पासून तिथे परिचारिका आहे. जावई एका कचेरीत हिशेब बघतात, नात शाळेत जाते. तिघांनी फार आग्रह केला म्हणून निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मी देशाबाहेर पाऊल टाकलं. मुंबईहून विमानाने मँचेस्टर, तिथून हेशम बंदर, आणि तिथून जवळजवळ चार तास बोटीने डग्लस. बोटीच्या कठड्याशी उभी राहून धुक्यातून बेटाचे डोंगर वर येताना पाहिले, तेव्हा लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून केलेला कोकणचा प्रवास आठवला आणि परदेशाची भीती निम्मी तरी कमी झाली.

हा देश आहे तरी कुणाचा?

मी पोचले तो काळ निवडणुकांचाच. इकडे आपली लोकसभा नुकतीच पार पडली होती. तिकडे ४ जुलै २०२४ रोजी ब्रिटनच्या संसदेची निवडणूक झाली. रात्रभर दूरचित्रवाणीवर निकाल चालले होते. मजूर पक्ष जिंकला, सरकार बदललं. मी मोठ्या उत्सुकतेने लेकीला विचारलं, "तुमच्या इथून कोण निवडून आलं?"

ती हसली. "आई, इथून कुणीच नाही. या बेटाचा ब्रिटनच्या संसदेत एकही खासदार नसतो."

मला वाटलं, ही माझी थट्टा करते आहे. पण ते खरं होतं. आइल ऑफ मॅन हा युनायटेड किंगडमचा भाग नाही. इंग्लंडचा राजा इथलाही प्रमुख आहे, पण 'लॉर्ड ऑफ मॅन' या नात्याने. १७६५ साली इंग्लंडच्या सरकारने ॲथॉलच्या ड्यूककडून या बेटाचे हक्क सत्तर हजार पौंडांना विकत घेतले, तेव्हापासून हे नातं चालत आलं आहे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटन पाहतं. बाकी कर, शाळा, दवाखाने, रस्ते, पोलीस, फौजदारी कायदे, सगळं बेटाचं बेट पाहतं. नोटासुद्धा स्वतःच्या छापतात. त्या नोटांवर आणि झेंड्यावर तीन पायांचं एक चक्र असतं. त्याखालच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ, कसंही फेका, उभंच राहील.

हे सगळं ज्या सभागृहातून चालतं त्याचं नाव टिनवॉल्ड. नॉर्स म्हणजे व्हायकिंग लोक इथे आले, त्यांच्या भाषेत सभा भरवायच्या मैदानाला जो शब्द होता त्याचंच हे रूप. बेटावरची माणसं अभिमानाने सांगतात की खंड न पडता चालत आलेली जगातली सर्वांत जुनी संसद आमची. १९७९ साली तिची सहस्राब्दी साजरी झाली. टिनवॉल्डचं लोकांनी निवडलेलं सभागृह म्हणजे 'हाऊस ऑफ कीज'. सभासद चोवीस. बारा मतदारसंघ आणि प्रत्येकातून दोन, अशी वाटणी २०१६ पासून झाली. दर पाच वर्षांनी सप्टेंबरमधल्या चौथ्या गुरुवारी मतदान होतं, ते कायद्यानेच ठरलेलं. त्या हिशेबाने पुढची निवडणूक २४ सप्टेंबर २०२६ रोजी. सरकार पडलं, आघाडी फुटली, मुदतपूर्व निवडणूक लागली, अशा बातम्यांवर ज्यांचा सकाळचा चहा गोड होतो, त्या आपल्यासारख्यांना हे जरा अळणीच वाटणार.

दुसरी गंमत पक्षांची. २०२१ साली निवडून आलेल्या चोवीस सभासदांपैकी एकवीस अपक्ष होते. ना कमळ, ना हात, ना मशाल, ना घड्याळ. उमेदवार स्वतःचं पत्रक छापतो, घरोघर जाऊन दार वाजवतो आणि गावातल्या सभागृहात लोकांच्या प्रश्नांना तोंड देतो. चौऱ्याऐंशी हजार माणसांमागे चोवीस सभासद, म्हणजे साडेतीन हजारांना एक. आपल्याकडे एवढ्या वस्तीत ग्रामपंचायत असते. आजीबाई सांगत होत्या, "मासे घ्यायला गेले तर रांगेत पुढे आमचा सभासद उभा असतो. मग दवाखान्यातल्या रांगेचं काय केलंस, हे मी त्याला माशांच्या रांगेत विचारते."

किल्ल्यांचं घर

'कीज' म्हणजे किल्ल्या. पण मूळ मॅन्क्स भाषेत या सभागृहाला 'चोवीस जण' असंच म्हणतात, आणि त्या शब्दाचाच अपभ्रंश होऊन कीज झालं असावं, असा एक तर्क आहे. मला मात्र किल्ल्याच आवडल्या, कारण हे घर फार काळ आतून कुलूप लावून बसलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या चोवीस जणांना लोक निवडत नसत. जागा रिकामी झाली की उरलेले मिळून नावं सुचवीत. मोठमोठ्या घराण्यांचाच तो मामला.

हे कुलूप उघडण्यात एका वर्तमानपत्राचा हात होता, म्हणून ती हकिगत या पानावर सांगायला हवी. १८६४ साली जेम्स ब्राउन नावाच्या संपादकाने आपल्या पत्रात कीजच्या सभासदांवर कडक टीका केली. सभासदांनी त्याला समोर बोलावलं, स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश होऊन त्याला सहा महिन्यांची शिक्षा ठोठावली आणि कॅसल रशेनच्या तुरुंगात धाडलं. ब्राउनने इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली आणि काही आठवड्यांतच तो सुटून बाहेर आला. बेटावर मोठी खळबळ उडाली. गव्हर्नर हेन्री लॉक यांना सुधारणा हवीच होती. १८६६ साली कायदा झाला आणि १८६७ साली कीजची पहिली निवडणूक झाली. लोकमान्यांनी 'केसरी' काढण्याआधी चौदा वर्षांची ही गोष्ट. संपादकाला तुरुंगात टाकून कुठलंही सभागृह मोठं झालेलं नाही, एवढा बोध त्यातून सहज निघतो.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या पानावर. १८८० साली मतदानाच्या हक्काचं नवं विधेयक आलं आणि १८८१ च्या जानेवारीत त्याला राणीची मंजुरी मिळाली. त्यात मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना मत मिळालं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी मतदान केलं. न्यूझीलंडने सगळ्या स्त्रियांना मत दिलं ते १८९३ साली, आणि खुद्द ब्रिटनमध्ये पहिल्या काही स्त्रियांना संसदेचं मत मिळायला १९१८ उजाडलं. आपल्या मुंबई इलाख्यात हा हक्क आला १९२१ साली, तोही मालमत्तेच्या अटीवर.

विवाहितांना का वगळलं? कारण लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची, असा तेव्हाचा हिशेब. माझी आजी बालविधवा. तिच्या नावावर एक आंब्याचं कलमसुद्धा नव्हतं, मत तर दूरच. त्याच काळात या बेटावर एखादी विधवा कोळीण, घर स्वतःच्या नावावर आहे एवढ्या बळावर, मत द्यायला जात होती. हे वाचलं आणि पील गावाच्या धक्क्यावर मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

गवत पसरलेली वाट

ब्रिटनच्या निकालांचं जागरण झालं, त्याच दिवशी म्हणजे ५ जुलैला बेटाचा राष्ट्रीय दिवस होता, टिनवॉल्ड दिन. पीलपासून जवळच सेंट जॉन्स नावाचं खेडं आहे. तिथे गवताने झाकलेली चार पायऱ्यांची एक गोल टेकडी आहे, उंची फक्त बारा फूट. बेटाच्या सतराही पॅरिशांमधली माती आणून ती रचली असं सांगतात. समोर एक चॅपेल. चॅपेलपासून टेकडीपर्यंतच्या वाटेवर हिरवं लव्हाळं पसरलेलं असतं. समुद्राचा जुना देव मनानन याला बेटाचं भाडं म्हणून हे गवत द्यायची चाल होती, ख्रिस्ती धर्म आला तरी ती राहिली. सभासद, न्यायाधीश, धर्मगुरू असे सगळे मानाप्रमाणे रांगेने त्यावरून चालत येतात. प्रत्येकाच्या कोटाला एका रानवनस्पतीचा तुरा. पुढे राजतलवार.

मी लेकीच्या कानात म्हटलं, "अगं, ही तर पालखी!" आमच्या गावच्या शिमग्यात कोण कुठे उभं राहायचं, पहिला नारळ कुणाचा, हे जसं ठरलेलं असतं तसंच इथे कोण कुठल्या पायरीवर बसायचं हे ठरलेलं. फरक एवढाच, की आमच्याकडे मानावरून कधी कधी भांडणं जुंपतात. इथे एक अधिकारी उभा राहून आधीच जाहीर बजावतो, की सभा चालू असताना कुणी भांडण, दंगा करायचा नाही.

मग वर्षभरात झालेल्या कायद्यांची नावं आणि थोडक्यात आशय मोठ्याने वाचले जातात, इंग्रजीत आणि मॅन्क्स भाषेत. नवा कायदा ठरावीक मुदतीत या टेकडीवरून लोकांना ऐकवला नाही तर तो रद्द होतो. आपल्याकडे राजपत्रात काय छापून येतं हे किती जणांना कळतं? इथे निदान उन्हावाऱ्यात उभं राहून ऐकायची तरी सोय आहे.

मॅन्क्स भाषेची कथाही ऐकण्यासारखी. आईच्या दुधाबरोबर ती शिकलेला शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, १९७४ साली वारला. भाषा गेली असं सगळ्यांनी धरलं. पण काही वेड्या माणसांनी म्हाताऱ्यांचे आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. त्यावरून तरुण शिकले. २००१ साली मॅन्क्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली, आणि आज बेटावर दोन हजारांहून जास्त माणसं ही भाषा थोडीफार जाणतात. मराठी शाळांचे वर्ग एकेक करून बंद होताना पाहिलेल्या माझ्यासारखीला त्या टेकडीवरचे न कळणारे शब्द ऐकताना गलबलून आलं.

सोहळ्यात मला सर्वांत आवडलेला भाग शेवटी होता. ज्याला सरकारबद्दल तक्रार आहे असा कुणीही साधा माणूस हातात अर्ज घेऊन टेकडीच्या पायथ्याशी जातो आणि तो अर्ज टिनवॉल्डच्या सुपूर्द करतो. नियमात बसला तर कुणीही सभासद तो पुढे सभागृहात मांडू शकतो. सगळ्या अर्जांचं सोनं होत नाही, हे आजीबाईंनीच सांगितलं. पण राजाच्या प्रतिनिधीसमोर, भर सभेत, वाकून का होईना, पुढे जाता येतं. कचेरीच्या खिडकीशी 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य ऐकत उभं राहण्यापेक्षा हे बरं.

गोड गोष्टींच्या पलीकडे

वाचकहो, दुरून डोंगर साजरे, हे मलाही ठाऊक आहे. तीन महिने राहिले, तेव्हा बेटाची दुखणीही कानावर आली. पक्ष नाहीत म्हणून मतदाराने मत कुणालाही दिलं तरी मुख्यमंत्री कोण होणार, हे त्याला आधी कळत नाही. ते निवडून आलेले चोवीस जण आपसात ठरवतात. त्यातले बरेचसे मंत्री होतात किंवा एखाद्या खात्यात काम घेतात. मग सरकारला प्रश्न विचारायला उरतात मूठभर. छोट्या जागेत सगळे एकमेकांना ओळखतात, हे सुख आहे तसंच दुःखही आहे. ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो शेजारी, नाहीतर शेजाऱ्याचा मेहुणा. २०२१ साली दहा स्त्रिया निवडून आल्या, तो बेटाचा विक्रम. पण मतदान यादीतल्या जेमतेम निम्म्या लोकांनी केलं. शंभर-सव्वाशे वर्षं झगडून मिळवलेली वस्तू अशी कोनाड्यात पडून राहते.

मोठा प्रश्न माणसांचा. इथे बहुतेक कंपन्यांच्या नफ्यावर कर नाही, त्यामुळे पैसा येतो, कचेऱ्या येतात. पण शाळा संपली की मुलं शिकायला इंग्लंडला जातात आणि सगळीच काही परतत नाहीत. जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. म्हातारपण वाढतं आहे. घरांच्या किमती तरुणांच्या आवाक्यात राहिलेल्या नाहीत. २०३७ पर्यंत लोकसंख्या एक लाखावर न्यायची, असं सरकारने ठरवलं. म्हणजे बाहेरून माणसं आणायची. आजीबाईंचा मुलगा लिव्हरपूलला आणि आजीबाईंचा रक्तदाब तपासायला माझी लेक. हे गणित त्यांनीच मला मांडून दाखवलं.

मला हे गणित पाठ होतं. आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातली चौदा गणपती आणि शिमगा सोडला तर बंद. मुलं मुंबईला, पुण्याला. बागेत कामाला नेपाळहून माणसं येतात. माझी स्वतःची लेक गेली ती थेट समुद्रापार. त्या बेटावर उंदराचं सरळ नाव घेत नाहीत, 'लांबशेपट्या' म्हणतात. आमच्या कोकणात रात्री सापाला 'लांबडं' म्हणतात, तसंच. तसा एक शब्द आमच्या घरातही आहे. 'परत' हा शब्द आम्ही मायलेकी एकमेकींसमोर उच्चारत नाही.

म्हातारी आणि मी

एका संध्याकाळी जेवताना आजीबाईंनी लेकीला विचारलं, "तू मतदार यादीत नाव घातलंस का?" बेटावर वर्षभर राहिलेल्या, सोळा वर्षांवरच्या माणसाला तिथे नाव नोंदवता येतं. मताचं वय त्यांनी २००६ सालीच सोळावर आणलं.

लेक म्हणाली, "आम्ही बाहेरचे. आम्ही कशाला तुमच्या घरच्या गोष्टीत बोलायचं?"

आजीबाई गप्प राहिल्या. मीही गप्प राहिले, आणि खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं. तिथे नाव घातलं नाही म्हणजे तिथली झाली नाही. कधीतरी येईल.

पण त्या रात्री झोप आली नाही. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आणि शिक्षक म्हटला की निवडणुकीचं काम पाठीशी असतंच. १९९५ ची विधानसभेची निवडणूक. दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेत आमचं केंद्र होतं. यादी माझ्यासमोर. दुपारी एक म्हातारी आली. डोंगरावरच्या वाडीतून काठी टेकत, दोन तास उतरून. नेसूचं लुगडं बहुधा एकुलतं एक चांगलं.

"बाई, माजा नाव बगा जरा."

मी पाहिलं. पुढचं पान, मागचं पान, नवऱ्याच्या नावाने, सासऱ्याच्या नावाने. नव्हतं. कुणाच्या तरी हातून गाळलं गेलं होतं, किंवा मयतांमध्ये गेलं होतं.

"नाव नाही हो आजी. मत देता येणार नाही."

"असा कसा नाय? गेल्या टायमाला मी शिक्का मारलाय."

नियम तो नियम. माझ्या हातात काही नव्हतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग म्हणाली, "म्हंजे कागदावर मी मेली काय?"

रांग खोळंबली होती. मी म्हटलं, "पुढचे या." पुढचे आले. ती बाहेर पायरीवर बसलेली मला खिडकीतून दिसत होती. किती वेळ बसली, कधी गेली, मी पाहिलं नाही. पाणी तरी विचारायला हवं होतं. तेही विचारलं नाही. त्या दिवशीचं कामकाज अगदी चोख झालं, कागद जुळले, पेटी वेळेवर पोचली. एकोणतीस वर्षं झाली तरी ते वाक्य काही माझ्या डोक्यातून पुसलं जात नाही.

आणि आज माझी स्वतःची लेक, जिचं नाव यादीत सहज येऊ शकतं, ती म्हणते मी कशाला, आणि मी आई असून मनातल्या मनात तिला 'पुढचे या' म्हणते आहे!

सकाळी चहाच्या वेळी मी तिला म्हातारीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत घरात कुणालाच सांगितली नव्हती. मग म्हटलं, "तू त्यांच्या म्हाताऱ्यांना उचलून बसवतेस, त्यांची औषधं बघतेस, त्यांच्या सरकारला कर भरतेस. तुझी पोर त्यांच्या शाळेत शिकते. दवाखान्यात परिचारिका किती हव्यात हे ठरवणारी माणसं जर तुझ्या गल्लीत दार वाजवत येणार असतील, तर दार उघडायला नको? नाव घातल्याने कुणी परकं होत नाही आणि न घातल्याने कुणी परत येत नाही."

तो शब्द अखेर माझ्याच तोंडून निघाला. ती काही बोलली नाही. बशीतला टोस्ट माझ्याकडे सरकवला, एवढंच. माझी चौदा वर्षांची नात मात्र सगळं ऐकत होती. तिने बोटांवर मोजलं आणि ओरडली, "आजी, पुढच्या निवडणुकीला मी सोळाची असेन!"

दोन फुल्या

मी परत आले त्याला आता बरेच दिवस झाले. नखावरची शाई केव्हाच गेली. मध्यंतरी, २०२५ च्या मार्चमध्ये, त्या चिमुकल्या संसदेने असाध्य रोग्यांना स्वेच्छेने मरण मागण्याची मुभा देणारं विधेयक संमत केलं, ब्रिटिश बेटांमध्ये सर्वांत आधी. त्यावर लेकीशी फोनवर तासभर वाद झाला. तिचं मत एक, माझं दुसरं. ती रोज मरणाच्या उशाशी बसणारी, तेव्हा शेवटी मीच ऐकून घेतलं. पण वाद घालता घालता मला जाणवलं, की ती आता 'इथले लोक' म्हणत नव्हती, 'आम्ही' म्हणत होती. एक बारीक कळ आली. मग वाटलं, लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी 'आमच्याकडे' असं सासरला म्हणते तेव्हाही अशीच कळ येते, आणि आपण ती कौतुकात बुडवून टाकतो. ही थोडी लांबची सासुरवाडी.

परवा नातीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आजी, माझं नाव यादीत आहे. मी स्वतः बघितलं. आणि आईचंपण!"

मी विचारलं, "नीट बघितलंस ना? स्पेलिंग? घराचा नंबर?" तीस वर्षांची सवय जाते कुठे!

"सगळं बरोबर आहे. आजी, मला दोन मतं आहेत. दोन्ही द्यायलाच हवीत का?"

मी म्हटलं, एक दिलं तरी चालतं, दोन दिली तरी चालतात. पण देण्याआधी सगळ्यांची पत्रकं वाच, गावातल्या सभेला जा, आणि निदान एक प्रश्न उभी राहून विचार. तो प्रश्न कोणता विचारायचा ते तुझं तू ठरव, मला विचारू नकोस. तिने त्यावर थोडा विचार केला आणि म्हणाली, शेजारच्या आजींच्या जिन्याला कठडा लावायचा अर्ज सहा महिने पडून आहे, तो विचारीन. मला वाटतं, बाराशे शब्दांच्या जाहीरनाम्यापेक्षा हा प्रश्न बरा आहे.

फोन ठेवता ठेवता तिने एकच तक्रार केली. "आजी, इथे शाई लावत नाहीत. मग मी मत दिलं हे लोकांना कळणार कसं?"

म्हटलं, "शेजारच्या आजींना विचार. त्या म्हणतात, तिथे तुला सगळे नावाने ओळखतात."